ग्राहकाचं लोकेशन कामापुरतं घ्या, काम झालं की पुसून टाका



ऑर्डर घेण्याचं छोटं वेबपेज कसं बनवायचं, यावर चॅनेलवर व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतोय. "सर, पेज उघडल्या उघडल्या ग्राहकाचं लोकेशन घेता येईल का? आणि ते सेव्ह कसं करून ठेवायचं?"

पहिल्या भागाचं उत्तर : घेता येतं, पण पेज उघडल्या उघडल्या मागू नका. दुसऱ्या भागाचं उत्तर : ग्राहकाने स्वतः "ठेवा" म्हटल्याशिवाय सेव्ह करू नका. आता तुम्ही म्हणाल, सगळे तर सांगतात की डेटा म्हणजे सोनं, जमेल तेवढा गोळा करा. माझं मत वेगळं आहे. लोकेशनच्या बाबतीत हा सल्ला छोट्या व्यावसायिकाच्या तोट्याचा आहे. का, ते व्हिडिओच्या दहा मिनिटांत बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

लोकेशनची गरज खरी आहे

समजा, फुलचूरमधल्या एका ताईंनी घरगुती डब्याचं काम सुरू केलं. रोज चाळीस डबे. ग्राहक कोण? गोंदियात नोकरीला आलेले लोक, शिकायला आलेली मुलं-मुली, एकटे राहणारे म्हातारे आई-बाबा, ज्यांची मुलं नागपूर-पुण्याला असतात. डबा गरम असताना पोचला पाहिजे. आणि पत्ता काय मिळतो? "लेआउटमध्ये या, मंदिराच्या मागची गल्ली, निळं गेट."

आपल्याकडे ही अडचण सगळ्यांना माहीत आहे. गोंदिया शहर वाढत वाढत फुलचूरला येऊन भिडलंय. नवीन लेआउट पडतात, घरं आधी होतात, घर क्रमांकाची पाटी नंतर लागते, कधी लागतच नाही. त्यात गाव एक आणि टोला वेगळा. फुलचूर आणि फुलचूरटोला यांत नवीन डिलिव्हरीवाला गोंधळणारच. आणि जिल्ह्यात टोले किती, ते मोजायला बसलो तर सकाळची दुपार होईल. अशा ठिकाणी नकाशावरची एक पिन फोनवरच्या पाच मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त काम करते. त्यामुळे लोकेशन मागूच नका, असं मी अजिबात म्हणत नाही.

शिवाय लोकेशन देणं आता गावाकडेही नवीन राहिलेलं नाही. २०२१ च्या खरिपापासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. धान लावणारा शेतकरी बांधावर उभा राहतो, फोनला लोकेशनची परवानगी देतो आणि पिकाचा फोटो काढतो. तिथे परवानगी कशासाठी, हे त्याला पक्कं ठाऊक असतं : सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हावी म्हणून. काम स्पष्ट आहे, म्हणून तो देतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ब्राउझर लोकेशन देतो म्हणजे नेमकं काय देतो?

तुमचं पेज ग्राहकाच्या फोनमधल्या ब्राउझरला विचारतं : हा माणूस कुठे आहे? ब्राउझर आधी ग्राहकाला विचारतो : या साइटला लोकेशन द्यायचं का? ग्राहकाने होकार दिला, की ब्राउझर फोनकडून माहिती घेतो. फोन ती जीपीएसवरून काढतो, आजूबाजूच्या वायफायवरून काढतो, मोबाइल टॉवरवरून काढतो. काहीच नसेल तर इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून अंदाज बांधतो.

तुमच्या पेजला मिळतात मुख्यतः तीन आकडे. अक्षांश, रेखांश आणि अचूकता. तिसऱ्या आकड्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. तो मीटरमध्ये असतो. अचूकता २० मीटर असेल तर ग्राहक त्या बिंदूभोवतीच्या वीस मीटरच्या वर्तुळात आहे, असा अर्थ. तोसुद्धा ९५ टक्के खात्रीने. अचूकता २००० मीटर असेल, तर फुलचूरचा ग्राहक गोंदियाच्या बाजारातही दिसू शकतो. घरच्या ब्रॉडबँडवर, जीपीएस नसलेल्या कॉम्प्युटरवरून ऑर्डर केली, तर फक्त आयपीच्या अंदाजाने तो थेट नागपुरात दिसला तरी आश्चर्य नको. म्हणजे पिन आली म्हणून पत्ता आला, असं समजू नका. वेबसाइट बनवणाऱ्याला सांगा : अचूकता शंभर मीटरपेक्षा वाईट असेल तर ग्राहकाला नकाशा दाखव आणि पिन हाताने सरकवू दे.

आणखी एक गोष्ट. तुमच्या साइटच्या पत्त्याआधी सुरक्षित जोडणी, म्हणजे एचटीटीपीएस, नसेल तर क्रोम लोकेशन देतच नाही. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या क्रोमच्या ५० व्या आवृत्तीपासून हा नियम आहे, आणि आज बाकीचे मोठे ब्राउझरही तेच करतात. "सर, परवानगीची चौकटच येत नाही" अशी तक्रार असेल, तर आधी हे तपासा.

ही चौकट आली कुठून?

आता थोडा इतिहास. धंद्याच्या ब्लॉगवर इतिहास कशाला, असं वाटेल; पण माझा पूर्ण मुद्दा त्यातूनच निघतो.

२००८ पर्यंत वेबसाइटला लोकेशन देण्याची एकच ठरलेली पद्धत नव्हती. गूगलचं गीअर्स नावाचं जोडसॉफ्टवेअर होतं, मोझिलाचा जिओड नावाचा प्रयोग होता, इतरांचे टूलबार होते. प्रत्येकाची भाषा वेगळी. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याच वर्षी यासाठी एक कार्यगट बसवला आणि डिसेंबर २००८ मध्ये पहिला मसुदा जाहीर केला. २००९ च्या जूनमध्ये फायरफॉक्स ३.५ आणि आयफोनच्या सफारीत ही सोय आली. अंतिम शिफारस व्हायला मात्र ऑक्टोबर २०१३ उजाडलं. म्हणजे आधी सोय घरोघरी पोचली आणि शिक्का चार वर्षांनी बसला.

मधल्या काळात एक मोठा वाद झाला. इंटरनेटचे तांत्रिक नियम बनवणारी दुसरी एक संस्था आहे, इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स. तिथे जिओप्रिव नावाचा गट २००१ पासून याच विषयावर काम करत होता. त्यांचं म्हणणं असं : लोकेशन पाठवताना त्याच्यासोबत मालकाच्या अटीही पाठवा. हे पुढे कुणाला देता येईल की नाही, किती काळ ठेवता येईल, हे त्या माहितीलाच चिकटलेलं असावं. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते ना, तसं.

डब्ल्यूथ्रीसीच्या गटाने ही पद्धत घेतली नाही. तिथला युक्तिवाद साधारण असा होता की, अटी पाठवल्या तरी वेबसाइट त्या पाळतेच, हे ब्राउझर कसं तपासणार? पाळल्याच जातील असा ग्राहकाचा गैरसमज मात्र होईल. मग मार्ग कोणता निघाला? नियमाचे दोन भाग झाले. पहिला भाग ब्राउझरसाठी : ग्राहकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय लोकेशन साइटला द्यायचं नाही. दुसरा भाग लोकेशन घेणाऱ्यासाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. गरज असेल तेव्हाच मागा. ज्या कामासाठी दिलं त्याच कामासाठी वापरा. काम झालं की काढून टाका. ठेवायचं असेल तर ग्राहकाची वेगळी स्पष्ट परवानगी घ्या. त्याच्या परवानगीशिवाय पुढे कुणाला देऊ नका. कशासाठी घेताय, किती दिवस ठेवणार, कसं सांभाळणार, हे उघडपणे सांगा.

पहिला भाग ब्राउझर पाळतो. तो मशीनमध्येच बसवलाय. दुसरा भाग कोण पाळतंय, हे बघायला कुणी नाही. तो फक्त कागदावर आहे. अमेरिकेत बर्कलीच्या संशोधकांनी २०१० मध्येच लोकेशन मागणाऱ्या साइट तपासल्या, तेव्हा हा दुसरा भाग नीट पाळणाऱ्या साइट त्यांना जवळपास सापडल्याच नाहीत.

म्हणून मी म्हणतो, वेबचा हा नियम अर्धा ब्राउझरने पाळलाय आणि उरलेला अर्धा तुमच्या भरवशावर सोडलाय. दार ब्राउझर राखतो. आत आलेल्या वस्तूचं काय करायचं, ते घरमालक ठरवतो.

न पुसलेलं लोकेशन कुठे कुठे फिरतं

डब्याच्या उदाहरणाकडे परत येऊ. ताईंकडे चाळीस ग्राहक. प्रत्येकाचं नाव, फोन, घराची पिन, डबा कधी लागतो ती वेळ. हे सगळं एका शीटमध्ये. शीट डिलिव्हरीच्या मुलासोबत शेअर केलेली. पिना व्हॉट्सॲपवर पण फॉरवर्ड केलेल्या, कारण त्याला ते सोपं जातं.

दोन महिन्यांनी तो मुलगा काम सोडतो. दुसरा येतो, त्यालाही सगळं पाठवलं जातं. पहिल्याच्या फोनमध्ये चाळीस घरांच्या पिना तशाच आहेत. त्यात खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या मुलीचं घर आहे. तिचा डबा साडेआठला लागतो, म्हणजे ती त्या वेळी घरी असते, हेही आहे. जिथे फक्त म्हातारा-म्हातारी राहतात, तेही घर आहे. रविवारी कोणाचा डबा बंद असतो, म्हणजे कोण गावाला जातं, हेसुद्धा त्यातून कळतं.

तो मुलगा वाईट असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक मुलं बिचारी कष्टाची असतात. पण त्याचा फोन हरवू शकतो, विकला जाऊ शकतो, मित्राच्या हातात पडू शकतो. नाव, घर आणि वेळ, या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती नुसती ग्राहकयादी राहत नाही. ती त्या घराची दिनचर्या होते. आणि ही दिनचर्या त्या बाईने तुम्हाला पोळी-भाजी गरम मिळावी म्हणून दिली होती.

उद्या काही बरं-वाईट झालं, तर लोक डब्ल्यूथ्रीसीला विचारायला जाणार नाहीत. क्रोमला विचारणार नाहीत. ते तुमच्या दाराशी येतील. मोठ्या कंपनीचं नाव खराब झालं तर ती जाहिरात करते, वकील लावते. आपल्याला फुलचूरमध्ये दुसरं नाव घेऊन दुसऱ्या गल्लीत दुकान टाकता येत नाही. इथे पानठेल्यावर सकाळी झालेली गोष्ट दुपारपर्यंत गोंदियाच्या बाजारात पोचते.

मग करायचं काय? सहा साध्या गोष्टी

वेबसाइट तुम्ही बनवत नसाल, तर बनवणाऱ्या मुलाला हे वाचून दाखवा. जास्तीचा खर्च जवळपास काहीच नाही.

एक. पेज उघडताच लोकेशन मागू नका. "घरपोच डबा हवा" हे बटण दाबल्यावरच मागा. यात तुमचाच फायदा आहे. ग्राहकाने अजून मेनू बघितला नाही, तोच तुम्ही घर विचारलंत, तर तो घाबरून "ब्लॉक" दाबणार. आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. नंतर त्याला खरंच पिन द्यायची असली, तरी सेटिंगमध्ये जाऊन नकार काढावा लागतो. किती ग्राहक तेवढे कष्ट घेतील? क्रोम बनवणाऱ्या मंडळींनी अलीकडे पुढे आणलेला प्रस्तावही याच दिशेचा आहे : ग्राहकाने पानावरचं लोकेशनचं बटण स्वतः दाबावं, मग विचारणा व्हावी.

दोन. मागण्याआधी एका ओळीत कारण लिहा, आपल्या भाषेत. "तुमचं घर सापडावं म्हणून लोकेशन हवं आहे. डबा पोचला की आम्ही ते काढून टाकतो." ई-पीक पाहणीतला शेतकरी परवानगी देतो, कारण काम त्याला माहीत असतं. तुमच्या ग्राहकालाही काम कळू द्या.

तीन. नाही म्हणणाऱ्याला रस्ता ठेवा. पत्ता टाइप करायची जागा आणि "जवळची खूण" लिहायची जागा असलीच पाहिजे. लोकेशन दिलं नाही म्हणून ऑर्डर अडवणं म्हणजे गिऱ्हाईक दारातून परत पाठवणं. शिवाय घरात बसलेल्या माणसाला जीपीएस कधी मिळतच नाही. प्रोग्रॅममध्ये वेळेची मर्यादा दिली नाही, तर पेज नुसतं फिरत बसतं. दहा-पंधरा सेकंदांची मर्यादा टाकायला सांगा आणि त्यानंतर पत्त्याची चौकट उघडू द्या.

चार. अंतर मोजायचं असेल तर ग्राहकाच्या फोनमध्येच मोजा. "आम्ही पाच किलोमीटरपर्यंतच डबा देतो" एवढंच तपासायचंय ना? तुमच्या स्वयंपाकघराचा अक्षांश-रेखांश पेजमध्येच लिहिलेला असतो. दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं गणित ब्राउझर स्वतः करू शकतो. तुमच्याकडे फक्त "होय, हद्दीत आहे" किंवा "नाही" एवढं उत्तर आलं तरी पुरतं. जे आलंच नाही, ते सांभाळायची आणि पुसायची चिंताही नाही.

पाच. धंद्याचा हिशेब करायला घराची पिन लागत नाही. "कोणत्या भागातून जास्त ऑर्डर येतात?" हा प्रश्न रास्त आहे. पण त्याला पिन कशाला? अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर चार आकडे ठेवले तर साधारण ११ मीटरपर्यंत कळतं, म्हणजे घरच कळलं. दोनच आकडे ठेवले तर साधारण १.१ किलोमीटर, म्हणजे परिसर कळला, घर नाही. गोंदिया परिसरासाठी २१.४६, ८०.२० अशी नोंद महिन्याच्या हिशेबाला भरपूर आहे. त्याहून सोपं म्हणजे फक्त गावाचं किंवा लेआउटचं नाव लिहून ठेवा.

सहा. व्हॉट्सॲपवर पिन घेत असाल, तर हाच नियम तिथेही लावा. आपल्यातले बरेच जण वेबसाइट बनवायच्या आधी व्हॉट्सॲपवरच धंदा करतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालतं आणि मग थांबतं. पण साधी पिन पाठवली की ती चॅटमध्ये पडून राहते. डिलिव्हरीसाठी वेगळी चॅट ठेवा आणि त्यात मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू करा. २४ तास, ७ दिवस, ९० दिवस असे पर्याय आहेत, त्यातला २४ तासांचा घ्या. आणि मुलगा काम सोडून जाताना हिशेबासोबत फोनमधली यादीही समोर बसून पुसून घ्या. शीटवरचा त्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद.

"पण सर..." वाल्या शंका

पहिली शंका : "रोजच्या ग्राहकाला रोज पिन टाकायला लावू का?" नाही. त्याला एकदा वेगळं विचारा : "पुढच्या वेळेसाठी पत्ता जपून ठेवू का?" शेजारी रिकामा चौकोन, आणि टिक ग्राहकाने स्वतः करायची. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे परवानगी नव्हे. त्याने हो म्हटलं तर ठेवा, डबा बंद केला की काढा. वेबचा नियमही एवढंच सांगतो. ठेवायला मनाई नाही, न विचारता ठेवायला आहे.

दुसरी शंका : "मोठी ॲप्स सगळं घेतात, मग आम्हीच का सोवळं पाळायचं?" या शंकेत दम आहे, मी उडवून लावणार नाही. मोठ्यांनी सगळं घेऊनही त्यांचा धंदा चालतो, हे खरं आहे. पण त्यांचा धंदा त्या डेटावर उभा आहे. जाहिराती दाखवणं, भाव ठरवणं, हजारो डिलिव्हरीवाल्यांना वाटून देणं. तुमचा धंदा भाजीच्या चवीवर आणि वेळेवर पोचण्यावर उभा आहे. ज्यातून पैसा निघत नाही असा माल गोदामात भरून ठेवणारा दुकानदार तुम्ही पाहिलाय का? आणि मोठ्यांनाही सरसकट मोकळीक नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम काढले. त्यात कर्ज देणाऱ्या ॲप्सना ग्राहकाच्या फोनमधल्या फाइल, संपर्कयादी, कॉलची नोंद यांना हात लावायला मनाई केली. कॅमेरा, माइक, लोकेशन हे केवायसीसारख्या कामापुरतं, एकदाच, तेही स्पष्ट संमतीने. उद्या तुम्ही स्वतः मोबाइलवरून धंद्यासाठी कर्ज काढाल, तेव्हा ॲप वारंवार लोकेशन का मागतंय, हे विचारायचा हक्क तुमचाही आहे.

तिसरी शंका : "कायदा आपल्यासारख्या छोट्यांना कुठे लागतो?" डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. फोनवर, शीटमध्ये, वेबसाइटवर ठेवलेली ग्राहकाची माहिती म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटाच. कायद्याचा गाभा ओळखीचा वाटेल : संमती मोकळेपणाने दिलेली आणि ठरावीक कामापुरती हवी, त्या कामाला लागते तेवढीच माहिती घ्यायची, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. ग्राहकाला ही सूचना मराठीत वाचायचा पर्यायही मिळाला पाहिजे. त्या कायद्यात एक उदाहरण दिलंय. डॉक्टरचा सल्ला देणारं ॲप रुग्णाची संपर्कयादीही मागतं आणि रुग्ण दोन्हीला हो म्हणतो. तरी संमती फक्त सल्ल्याच्या कामापुरती धरायची, कारण सल्ला द्यायला संपर्कयादी लागत नाही. तोच न्याय डब्याला लावा. डबा पोचवायला आज घर कळावं लागतं. सहा महिने जुनी पिन लागत नाही.

दंडाचे मोठमोठे आकडे सांगून मी कुणाला घाबरवणार नाही. माझा मुद्दा दंडाचा नाहीच. वेब, रिझर्व्ह बँक आणि आपला कायदा, तिघेही वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच ठिकाणी येऊन पोचलेत : कामापुरतं घ्या. तुमचा धंदा आता सुरू होतोय, म्हणजे ही सवय लावायला याहून चांगली वेळ नाही. हजार ग्राहकांची जुनी शीट साफ करणं कठीण. पहिल्या दहा ग्राहकांपासून नीट वागणं सोपं.

याचं भांडवल करा

ही गोष्ट लपवून ठेवू नका. ऑर्डर पेजवर लिहा, डब्यावरच्या चिठ्ठीवर लिहा : "तुमचं लोकेशन आम्ही फक्त डबा पोचवायला वापरतो, साठवत नाही." जी मुलगी परगावाहून येऊन इथे एकटी राहते, तिच्या आईला हे वाक्य भाजीच्या नावांपेक्षा जास्त पटेल. ती आणखी चार जणींना सांगेल. आपल्यासारख्या गावात याहून स्वस्त आणि याहून पक्की जाहिरात नाही. मात्र लिहिलं तर पाळा. लिहून न पाळणं हे न लिहिण्यापेक्षा वाईट.

आता या आठवड्याचं काम. आपल्या फोनमधलं व्हॉट्सॲप आणि ग्राहकांची शीट उघडा. बंद झालेल्या किती ग्राहकांच्या पिना अजून पडून आहेत, ते मोजा. पुसून टाका. मग वेबसाइट बनवणाऱ्याला फोन करा आणि वरच्या सहापैकी कोणत्या गोष्टी पेजमध्ये आहेत, ते विचारा. कुठे अडलात तर खाली लिहा. पिन सरकवता येणारा साधा नकाशा पेजमध्ये कसा बसवायचा, ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवतो.